सरकारांचा गोल जिना

निंबसरचे अधिपती श्रीमंत अप्पासाहेब सरकार भरल्या चौकात लोखंडी जिन्याच्या शेवटच्या तीन पायऱ्या बसून उतरले. त्यांचा तसा विचार नव्हता.

निंबसर म्हणजे सात गावांचं संस्थान. तोफ एक, तीही उडायची नाही. पण सरकारांनी कुठल्याशा साहेबाच्या बंगल्यात मधल्या खांबाभोवती गोल फिरत वर जाणारा जिना पाहिला, आणि माडीवरच्या देवघराला तस्साच हवा म्हणून हट्ट धरला. म्हादबा लोहारानं तीन महिने खपून, एकेक पायरी खांबात ओवून तो उभा केला. जिना भक्कम होता. सरकारही भक्कम होते. पोटामुळे त्यांना काही वर्षांपासून स्वतःची पावलं दिसत नव्हती, पण हे दरबारात बोलणार कोण?

बाळंभट ज्योतिषी बोलले, पण भलतंच. "दोष जिन्यात आहे, सरकार. चढताना खांब आपल्या उजव्या हाताला असतो, प्रदक्षिणेत देव असतो तसा. उतरताना तोच डाव्या हाताला येतो. देवापासून निघायचं आणि आधार डाव्या हाताचा? मग दुसरं काय होणार?"

सरकारांना हे फार पटलं. आपण पडलो याचं खापर दुसऱ्यावर फुटलं की कुणालाही पटतं.

"म्हादबा," ते कंबर चोळत म्हणाले, "खांब चढताना उजवीकडे हवा आणि उतरतानाही उजवीकडेच हवा. जिना एकच, खांब एकच. खंडेनवमीपर्यंत मुदत. तोवर तुझी ऐरण इथे चौकात राहील. नाही जमलं, तर ती विहिरीत जाईल."

म्हादबानं हात जोडले. "सरकार, चढताना जी बाजू उजवी, ती उतरताना डावी व्हनारच. त्यात लोखंड काय करनार?"

"ते लोखंडालाच विचार."

दरबार खळखळून हसला. दरबार त्याचसाठी ठेवलेला होता.

सरकारांना पाठ दाखवायची नाही, हा निंबसरचा जुना रिवाज. मुजरा करायचा आणि तोंड सरकारांकडे ठेवून उलट पावली दाराबाहेर पडायचं. म्हादबा तसाच मागं मागं गेला आणि दर वेळेप्रमाणे बुटक्या चौकटीवर डोकं आपटून बाहेर पडला.

ऐरणीवाचून भाता गप्प झाला. रब्बीची पेरणी तोंडावर आलेली, आणि पाभरीचे फण दारात गंजत पडलेले. म्हादबा गाव सोडायची भाषा बोलू लागला. त्याची मुलगी सगुणा बापाच्या जोडीनं घण मारायची, आणि तिची जीभही घणापेक्षा फार हलकी नव्हती. नवव्या दिवशी तिनं विचारलं, "बाबा, त्या जिन्यावरनं तुम्ही दिसातनं पन्नास येळा खाली येत हुता. एकदा तरी पडला का?"

"पडाया मी काय सरकार हाय?"

"मग कसं उतरत हुता, ते दावा की."

घराला शिडी टेकलेली होती. म्हादबा चार पायऱ्या चढला आणि कोणताही कारागीर उतरतो तसा खाली आला. सगुणा बघत राहिली, आणि मग नऊ दिवसांत पहिल्यांदा हसली.

खंडेनवमीला बापलेक वाड्यावर गेली. ऐरणीला दोर बांधून दोन शिपाई तयारच होते.

"जिना बदलला?" सरकारांनी विचारलं.

"एक खिळासुदिक न्हाई, सरकार," सगुणा म्हणाली. "जिन्यात खोट न्हाई."

"मग कोणात आहे?"

म्हादबानं डोळे मिटून घेतले.

"ते मी कशी सांगू? बाळंभटास्नी इचारते. भटजी, मोठं कोन? सरकार, का वरच्या देवघरातली देवी?"

बाळंभटांचं दोन्हीकडे जेवण होतं. त्यांनी एकदा सरकारांकडे पाहिलं, एकदा माडीकडे पाहिलं आणि त्यांना खोकला आला.

"देवी मोठी," सरकारच वैतागून म्हणाले. "हे काय विचारणं झालं?"

"मंग ऐकावं. सरकारांम्होरनं जाताना आमी पाठ दावत न्हाई. चाळीस वर्सं माझा बाप त्यापायी डोकं फोडून घेतोय. आन सरकार देवीम्होरनं निघाले, की तिच्याकडं खुशाल पाठ करून खाली येत्यात. तीन पायऱ्यांवर भागलं, ही देवीची मायाच म्हनायची."

बाळंभटांचा खोकला थांबला.

"आता वर जावं, दर्शन घ्यावं," सगुणा म्हणाली. "आन आमी सरकारांम्होरनं जातो, तसं देवीकडं तोंड ठिवून उतरावं. खांब कुठल्या हाताला येतो, ते खाली आल्यावर सांगावं."

सरकार धुसफुसत चढले. थोड्या वेळानं माडीच्या तोंडाशी त्यांची पाठ दिसली. खांबाला धरून, एकेक पायरी चाचपत, उलट पावली सरकार खाली येऊ लागले. त्यांच्या पाठीला मुजरा करायचा की नाही, हे दरबाराला कुणी शिकवलेलं नव्हतं, म्हणून दरबारानं जमिनीकडे पाहिलं.

सरकार फरशीवर टेकले, ते पायांवर. त्यांनी खांबाकडे पाहिलं, आणि तो धरलेल्या आपल्या हाताकडे पाहिलं. हात उजवा होता.

आधी त्यांचं पोट हललं, मग मिशा हलल्या, आणि मग ते खांबाला धरूनच मोठमोठ्यानं हसत सुटले. "म्हणजे जिना होता तसाच राहिला आणि दुरुस्ती आमची झाली! न्या तुमची ऐरण. आणखी काय हवं ते माग, पोरी."

"आज ऐरनीची पूजा राहिलीय, सरकार, ती घरला न्यायचीय," सगुणा म्हणाली. "एवढं वझं खांद्यावर घिऊन उलटं चालता येत न्हाई. आमच्या घरच्यांस्नी सरळ जायाची मुभा द्यावी."

"दिली. कायमची दिली."

बापलेकींनी ऐरण बांबूला अडकवून खांद्यावर घेतली आणि सरकारांकडे पाठ फिरवली. दाराशी म्हादबाला ती बुटकी चौकट जाताना प्रथमच समोर दिसली, आणि तो डोकं वाकवून बाहेर पडला.