गाठोड्यातल्या पासपोर्टाची कहाणी

ऐका उंबरठामाई, तुझी कहाणी. ही कहाणी ठसक्यात सांगणारं माझ्यासारखं दुसरं तोंड पंचक्रोशीत नाही. बाकीच्यांना कामं असतात, म्हणून. मुठीत चार तांदूळ घ्या, मोबाइल पालथे ठेवा. पुरुषांनी बसलं तरी चालेल. समजलंच पाहिजे अशी सक्ती नाही.

आटपाट म्हणावं एवढं मोठं नव्हे, आटोपशीर एक नगर होतं. तिथं कुमुदिनीबाई राहायची. तिला नवरा होता, तो पेपर वाचायचा. तिला एक लेक होती, केतकी. ती कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती.

एके दिवशी लेक म्हणाली, "आई, आमच्या कॉलेजचं परदेशातल्या एका कॉलेजशी जमलंय. तिसऱ्या वर्षातले सहा महिने तिकडे शिकायचं, मार्क इकडे धरायचे. मला जायचंय."

कुमुदिनीला नाही म्हणवेना, हो म्हणवेना. मग तिनं काय केलं? सगळं आपणच करायला घेतलं. अर्ज आपण भरला. छंद म्हणून रांगोळी लिहिली, केतकीला साधं स्वस्तिक काढता येत नव्हतं. सरांना फोन आपण केला. तिकडच्या बाई व्हिडिओवर केतकीला प्रश्न विचारू लागल्या, तर पडद्याआडून उत्तरंही आपणच दिली. तिकडच्या बाई म्हणाल्या, "यायचं आहे ते नक्की कोणाला?" केतकीची मान खाली गेली. बाई म्हणाल्या, "पुन्हा कधीतरी बोलू."

लेक आईशी बोलेना. आई रडरड रडली. मग दुपारी उंबरठ्यावर एक म्हातारी येऊन बसली. म्हणाली, "बाई, पाणी दे." कुमुदिनीनं पाणी दिलं, वर सांगितलं, "सावकाश प्या हो आजी. मान वर करू नका. आधी घोट तोंडात धरा." म्हातारीला हसू फुटलं, त्यानंच ठसका लागला. ती साधीसुधी म्हातारी नव्हती, ती उंबरठामाई होती.

"बाई गं, तुला एक वसा सांगते. उतशील, मातशील, अर्ध्यात टाकशील."

"उतत नाही, मातत नाही, अर्ध्यात टाकत नाही. सांगा."

"शुक्रवार धरावा. लेकीनं आपला भात आपण शिजवावा, आपले कपडे आपण धुवावे, आपलं बोलणं आपण बोलावं. आईनं उंबरठ्यावर बसावं. उठू नये, सुचवू नये, सुस्कारा टाकू नये. वसा फळला तरी लेकीच्या कामात हात घालू नये."

"तिला जमेल का, आजी?"

"तिची मला काळजी नाही," असं म्हणून म्हातारी दिसेनाशी झाली.

मग पहिल्या शुक्रवारी भात करपला. कुमुदिनी बसून राहिली. दुसऱ्या शुक्रवारी भाताची पेज झाली. कुमुदिनी पदर तोंडात कोंबून बसून राहिली. तिसऱ्या शुक्रवारी भात मोकळा झाला. नवऱ्यानं पेपर खाली ठेवला, पुन्हा भात वाढून घेतला. त्याच संध्याकाळी केतकीनं दार लावून घेतलं, तिकडच्या बाईंना आपण होऊन गाठलं. पडद्याआड कोणी नव्हतं. बोलता बोलता बाई हसल्या, केतकीही हसली. मग होकार आला.

होकार आला आणि कुमुदिनीबाई उतली, मातली. तडक जोशीबुवांकडे गेली. बुवांनी पंचांग पाहिलं. "विमान अमावास्येचं आहे. वाईट!" मग पुन्हा पाहिलं. "येत्या सोमवारी योग उत्तम आहे. सोमवारी प्रस्थान ठेवा. गाठोडं शेजारी नेऊन ठेवलं की मुलगी निघाली असं धरतात. मग विमान कधीचंही असो."

"गाठोड्यात काय बांधू?"

"तांदूळ, सुपारी, हळकुंड. आणि जिच्यावाचून प्रवास अडेल अशी एखादी वस्तू. मात्र एकदा ठेवलं की घरात परत आणायचं नाही. आणलं की जाणं मोडलं."

कुमुदिनी घरी आली. स्वेटर घ्यावा? त्यावाचून काही अडत नाही, नुसती थंडी वाजते. चपला घ्याव्या? तांदळात चपला कशा बांधणार? मग तिला सुचलं. सोमवारी लेकीच्या कपाटातून पासपोर्ट काढला, लाल फडक्यात बांधला, शेजारच्या वत्सलाकाकूंच्या देवघरात नेऊन ठेवला. लेकीला विचारलं नाही, सांगितलं नाही.

दोन दिवसांनी केतकी धावत आली. "आई, व्हिसाला उद्या सकाळी बोलावलंय. आज निघायला हवं. माझा पासपोर्ट सापडत नाही!" कपाट उलथं झालं, गाद्या उलट्या झाल्या, नवऱ्याचे पेपर झटकून झाले. तेव्हा कुमुदिनी म्हणाली, "तो निघालाय."

"कुठे निघालाय?"

"शेजारी."

मग सगळं सांगितलं. केतकी म्हणाली, "चल, आणू." कुमुदिनी दारात आडवी आली. "परत आणलास तर जाणं मोडेल!"

"नाही आणला तर व्हिसा मोडेल!"

आणवेना, ठेववेना. कुमुदिनी मटकन उंबरठ्यावर बसली. "आजी, मी वसा मोडला," म्हणाली. केतकीनं डोळे पुसले, थोडा विचार केला. म्हणाली, "आई, प्रस्थान ठेवलं म्हणजे मी निघाले ना?"

"निघालीस."

"मग मी निघाले. पासपोर्ट घरात येणार नाही, मीच त्याच्याकडे जाते. तिथूनच गाडी पकडीन. परत येईन तीही काकूंकडेच. विमानाच्या दिवसापर्यंत या घरात पाय ठेवणार नाही. जोशीबुवांचंही राहील, माझंही होईल."

वत्सलाकाकू कुंपणावरून म्हणाल्या, "ये की! पण पोरी, माझे गुडघे दुखतात. तुझं तुलाच करून खावं लागेल, जमलं तर मलाही घाल."

लेक गेली, मुलाखत देऊन आली, काकूंकडे राहिली. घर हाकेवर, पण आईचं नव्हे. पहिल्या दिवशी कुमुदिनी लोणचं घेऊन निघाली, फाटकातून परत फिरली. दुसऱ्या दिवशी इस्त्री घेऊन निघाली, पायरीवरून परत फिरली. तिसऱ्या दिवशी शेजारून करपल्याचा वास आला. कुमुदिनी उठली, उंबरठ्यापर्यंत आली, खाली बसली. सुचवलं नाही, सुस्कारा टाकला नाही. तिकडून केतकीचं आणि काकूंचं हसणं ऐकू आलं. कुमुदिनीला रडू आलं, आणि रडता रडता तिलाही हसू आलं. तेव्हा कोणीतरी पाठीवरून हात फिरवला. वळून पाहिलं तर कोणी नव्हतं.

मग व्हिसा आला. अमावास्येचं विमान निघालं, सुखरूप पोचलं.

पुढं शुक्रवारी कुमुदिनीनं फोन समोर उभा केला, ही कहाणी लेकीला वाचून दाखवली. "जशी उंबरठामाई केतकीला पावली, तशी तुम्हां-आम्हां सर्वांच्या लेकीबाळींना पावो. ही लांबलचक कहाणी थोडक्यात सुफळ, थोडक्यात संपूर्ण." तांदूळ वाहिले, नमस्कार केला, आणि त्याच दमात म्हणाली, "केतकी, सहज विचारते हो. येताना कसा योग आहे, जोशीबुवांना आत्ताच विचारून ठेवू का?"

केतकी म्हणाली, "विचार की. फक्त या खेपेला गाठोड्यात तुलाच बांधून ठेवायला सांगते काकूंना."