मोटरीची जरीची शाल

गावात नुकतीच वीज आली होती आणि घरोघरची जाती कोपऱ्यात गेली होती, तेव्हाची ही गोष्ट. गिरिजाबाईंच्या पिठाच्या गिरणीत एक मोटर होती. दसऱ्याला बाईंनी तिला हळदकुंकू वाहिलं आणि पिठाची धूळ बसू नये म्हणून आपली जरीची शाल तिच्यावर पांघरली. मोटर हरखून गेली.

पण त्या दिवसापासून ती तापू लागली. पायलीभर दळून होत नाही तोच बंद पडायची.

"पट्टा फार ताणलाय," ती कुरकुरली. बाईंनी बोलावलेल्या हुसेनमिस्त्रींनी पट्टा उतरवून तिला नुसतीच फिरवून पाहिली. तरी तापली.

"मग आतली तारच जळत असणार," मिस्त्री म्हणाले. "उद्या खोलून सगळी काढतो."

तेव्हा मोटरीच्या पाठीमागचा छोटा पंखा हळूच म्हणाला, "ताई, तार धड आहे. शालीनं माझं तोंड झाकलंय. तुम्हाला घालायला मला वाराच मिळत नाही."

"मग आधी का नाही बोललास?"

"बोललो होतो. तुम्ही म्हणालात, माझं कौतुक तुला बघवत नाही."

सकाळी खोलण्याआधी मिस्त्रींनी पट्टा चढवून एकदा बटण दाबताच मोटरीनं मुद्दाम हिसका दिला आणि शाल खाली पडू दिली. गोणीभर ज्वारी दळून झाल्यावर मिस्त्रींनी तिच्या अंगाला हात लावला. तो मागे घ्यावा लागला नाही. त्यांनी खोलायला काढलेले पाने परत पिशवीत टाकले.

पुढल्या दसऱ्याला बाईंनी झेंडूचं एकच फूल वाहिलं. शाल त्यांच्या खांद्यावर होती.

"तिथंच शोभते," मोटर पंख्याला म्हणाली.