हुरबीला मिळालेला जाब

खाडीच्या काठावर खारशेत नावाचं गाव आहे. तिथल्या मशिदीशेजारी, उंडीच्या झाडाखाली, इद्रिसबाबा राहत. कुठून आले ते कोणी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. अंगावर एकच सुती कुर्ता, तोही बाबा स्वतः धूत. गावाला कोडं पडलं की गाव त्यांच्याकडे जाई. रोजा तुटला का, नमाज चुकली ती कशी भरायची, शेजारणीशी अबोला धरून दुवा मागावी का, असली घरगुती कोडी. बाबा उत्तर देत आणि शेवटी हमखास म्हणत, "हात काय करतात ते लोक बघतात. नियत कुठे आहे ते तो बघतो."

ज्या वर्षीची ही गोष्ट, त्या वर्षी वैशाखातच गावच्या विहिरी खारावल्या आणि मागोमाग पटकीची साथ आली. सकाळी चालतं माणूस दुपारी आडवं. मशिदीतली जनाज्याची खाट धुवून वाळत घालायलाही उसंत मिळेना.

मेलेल्या बायकांना शेवटची आंघोळ, म्हणजे गुसल, घालायचं काम गावात एकटी हुरबी करी. नवरा तांडेल होता, तो समुद्रातच राहिला. मूलबाळ नाही. चाळीस वर्षं ती हे काम करत होती आणि तिची एक खोड होती. बोरीचा पाला घालून पाणी कोमट करायची, आधी स्वतःच्या मनगटावर टाकून बघायची आणि मग मय्यतीच्या कानाशी वाकून विचारायची, "पाणी कढत नाय ना गो, बाय?"

या खोडीला गाव हसे. सगळ्यांत जास्त हसे मुकादमांची खतिजाबी. खतिजाबीचं घर गावातलं मोठं आणि जीभ घरापेक्षा मोठी. पाच वेळची नमाज तिची कधी चुकली नाही, आणि ती चुकली नाही हे गावात कोणाला माहीत नाही असंही झालं नाही. तिच्या वजूसाठी वेगळा रांजण होता. नमाजीआधी हातपाय धुताना ती घागरभर पाणी सांडी. शेजारणीच्या घरी प्यायला पाणी नसलं तरी त्या रांजणाला हात लावायची कोणाची टाप नव्हती.

एका जुम्म्याला बायका बाबांचं ऐकायला पडद्यामागे बसल्या होत्या. हुरबी नेहमीसारखी चपलांपाशी. खतिजाबीने नाकाला पदर लावला.

"सरक गो पलीकडे. तुझ्या हाताला मेलेल्यांचा वास येतो. तुझा वजू तरी टिकतो का?"

"धुवून आलंय, बीबी."

"आणि मेलेल्यांना गरम-गार काय विचारतेस? उद्या जेवलीस का म्हणून विचारशील. मग पान वाढशील!"

बायका फिस्सकन हसल्या. हुरबी पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिली. पडद्यापलीकडून बाबांनी विचारलं, "हुरबी, खरंच का विचारतेस?"

"काय सांगू, बाबा. जाब मिळत नाय म्हणून काय विचारायचं सोडायचं?"

पलीकडून आवाज आला तो भरलेला होता. बाबा म्हणाले, "मेलेल्या देहालाही दुखतं असं समजून हात लावावा, हीच आमची शिकवण. पडद्याआड तुला शाबासकी कोण देणार? मय्यत तर देणारच नाही. तिथेही हात जपून चालतो, तीच इबादत. विचारत राहा, बेटी. एक दिवस जाब येईल."

खतिजाबी घरी जाईपर्यंत हसत होती. मेलेली जाब देणार म्हणे!

पाचव्या दिवशी तिचं हसू विझलं. सून नफिसा पहाटे उलट्यांनी आडवी झाली. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. सासूने तिला कधी गोड शब्द दिला नव्हता, आणि आता द्यावा म्हटलं तर पोरीचे डोळे पांढरे झालेले. दुपारी जोहरच्या अजानीला हातपाय गार पडले. हकीमाने नाडी धरली, सोडली आणि मान हलवली. मुलगा दाऊद भिंतीला टेकून लहान पोरासारखा रडू लागला.

खतिजाबी रडली नाही. तिला एकच घोर लागला. आता हुरबीला घरात बोलवावं लागणार. चारचौघींत जिला चपलांपाशीही बसू दिलं नाही, तिच्यापुढे आपली सून उघडी टाकायची? तिने दाऊदला दटावलं, "रडणं पुरे. बाबांना सांग, गावात पाणी नाही. मातीवर हात फिरवून तयम्मुम करतो आणि मोकळे होतो. पाणी नसलं की माती चालते ना? मग झालं तर."

दाऊद गेला, आणि त्याच्याबरोबर बाबाच आले. उंबऱ्याबाहेर उभे राहिले.

"खतिजाबी, घरात पाणी नाही?"

तिची नजर रांजणाकडे गेली.

"नाही ना?"

"वजूचं आहे," ती पुटपुटली.

"किती?"

"रांजण... गळ्याशी आहे."

बाबा म्हणाले, "पाणी असताना माती चालत नाही. ज्या पाण्याने तू रोज त्याच्यापुढे उभी राहायला तयार होतेस, त्या पाण्याने पोरीला तयार कर." मग दाऊदकडे वळून म्हणाले, "कबरस्तानात निरोप दे. कुदळी खाली ठेवा म्हणावं. अजून जाब यायचा आहे."

हुरबी आली. मागचं एक अक्षर बोलली नाही. परसात नारळाच्या सोडणांचा जाळ केला, बोरीचा पाला टाकला, पडदा बांधला. पाणी ओतायला दुसरी बाई हवी होती. साथीच्या भीतीने एकही शेजारीण उंबरा चढेना. शेवटी तांब्या घेऊन खतिजाबीच उभी राहिली.

हुरबीने पाणी मनगटावर घेतलं, गार पाण्याची धार मिसळली, पुन्हा बघितलं. अंगावरची चादर कुठे सरकू दिली नाही. उजव्या कुशीला हात घातला तो पाळण्यातल्या मुलाला घालावा तसा. वर्षभरात आपण या पोरीला असा एकदाही हात लावला नाही, हे खतिजाबीला तेव्हा दिसलं, आणि तांब्या जड झाला.

"पाणी कढत नाय ना गो, बाय?"

काही नाही. परसात लाकूड तडकलं तेवढंच.

डावी कूस झाली. हुरबीने पुन्हा विचारलं. पुन्हा काही नाही. खतिजाबीला आता हसू येत नव्हतं.

तिसऱ्यांदा हुरबी कानाशी वाकली. "कढत नाय ना गो?"

नफिसाचे ओठ हलले. वाळलेल्या पानासारखा आवाज आला.

"नाय."

तांब्या खणकन दगडावर पडला. या अल्ला! घाईने मातीवर हात फिरवून पोरीला नेलं असतं, तर जित्या जिवावर माती लोटली असती! खतिजाबी डोक्यावरचा पदर न सावरता बाहेर धावली आणि तिने बाबांच्या पायांवर डोकं टाकलं.

बाबांनी पाय मागे घेतले. म्हणाले, "डोकं अल्लापुढच्या सजद्यासाठी ठेव. जीव त्याने दिला, मी उंबऱ्यावर बसलो होतो. तुला वाकायचंच असेल तर आत जा. ज्याला हसलीस ते तिच्याकडून शिकून घे. लवकर शीक."

लवकर का, ते तिसऱ्या दिवशी कळलं. नफिसा पेज प्यायला उठून बसली आणि खाडीच्या टोकाला, आपल्या झोपडीत, हुरबी पडली. ज्या रोगाच्या मय्यती ती साथभर धूत होती, त्यानेच तिला एका दुपारी नेलं. हकीम दोनदा नाडी बघून गेला. या वेळी बाबांनी कुदळी थांबवल्या नाहीत. उंडीखाली बसून राहिले, तसबीचे मणीही ओढत नव्हते.

गावात प्रश्न पडला, गुसल घालणारीला गुसल कोण घालणार? दारं बंद झाली. तेव्हा लोकांनी पाहिलं, मुकादमांची खतिजाबी डोक्यावर घागर घेऊन भर उन्हात वाळूतून चालली आहे. मागून नफिसा, हातात बोरीचा पाला.

पाणी कोमट केलं. मनगटावर घेतलं. पडद्याआड बघायला कोणी नव्हतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा खतिजाबीला कोणी बघावं असं वाटलंही नाही. चाळीस वर्षं पाण्यात राहून सुरकुतलेला तो हात तिने आपल्या हातात घेतला. वास बोरीच्या पाल्याचा होता. गाव ज्या मानेला घाबरे, ती मान वाकत वाकत हुरबीच्या कानापर्यंत गेली.

"पाणी कढत नाय ना गो, बाय?"

ती थांबली. खूप वेळ थांबली. पडद्यापलीकडे, उंडीखालून उठून आलेले बाबा डोळे मिटून उभे होते.

मग तिने दुसरा तांब्या भरला, मनगटावर टाकून बघितला आणि पुन्हा विचारलं.