जावेला द्यायचा नव्हता तो चौरंग

“मठाला दिलं म्हणजे पुण्यच ना, बुवा?”

शरयूबाई कर्णिक टेकडी चढून आल्या होत्या. दम लागलेला, पदर घामाने भिजलेला. पण हातातला चौरंग खाली ठेवण्याआधी त्यांनी प्रश्न विचारून घेतला.

दाजीबुवा मठाच्या ओटीवर वाल सोलत बसले होते. श्रावण होता, आणि श्रावणात बुवांना बिरडं लागायचं. मोड आलेले वाल परातीत टाकायचे, सालं पायाशी.

“कुणाला नाही दिलं?” बुवांनी विचारलं.

“अं?”

“मठाला देतेयस, ते दिसतंय. कुणाला नाही दिलं ते विचारतोय.”

शरयूबाई ओटीच्या कडेला टेकल्या. तोंड पुसलं. 

बुवा वाल सोलत राहिले…

“घर आवरतोय आम्ही,” शेवटी त्या म्हणाल्या. “गणपती झाले की तळेगावला जायचं. ज्येष्ठांची वसाहत आहे तिथे. यांच्या गुडघ्यांना आता जिना झेपत नाही. तिथे लिफ्ट आहे, डॉक्टर आहे, जेवण आयतं मिळतं.”

“बरं झालं.”

“बरंच झालं. पण जागा दीड खोली! चाळीस वर्षांचा संसार दीड खोलीत कोंबणार कसा? वाटून टाकला. पितळेची पिंपं भाचीला दिली. पलंग दूधवाल्याला. झोपाळा, पाटा-वरवंटा, माझं शिवणयंत्र… सगळं दिलं, बुवा. डोळ्यांतून टिपूस नाही काढलं. बघणारे म्हणतात, शरयूबाई, तुमचं वैराग्य बघून थक्क व्हायला होतं.”

बघणारे म्हणजे कोण, ते त्यांनी सांगितलं नाही. बहुतेक त्याच.

“आणि हा?” बुवांनी हनुवटीने चौरंग दाखवला.

चौरंग शिसवी होता. पिढ्यान्‌पिढ्या तेलपाणी झालेला, काळाभोर. कर्णिकांचा गणपती दरवर्षी यावर बसायचा. गणपती थोरल्याच्या घरी, म्हणून चौरंगही थोरल्याच्या घरी. धाकटा भाऊ मागच्याच आळीत राहायचा. तो बायकोमुलांना घेऊन आरतीला यायचा.

“आता गणपती धाकट्यांकडे जाणार,” शरयूबाई म्हणाल्या. “यंदापासूनच. आमचं घर तर रिकामं झालं, बसवणार कुठे? आणि गणपती गेला की चौरंग मागोमाग जाणार, असं सगळ्यांनी धरूनच चाललंय. मला कुणी विचारलंसुद्धा नाही.”

“विचारलं असतं तर दिला असतास?”

“नसता दिला!”

हे इतक्या जोरात निघालं की ओटीखालची कोंबडी पळाली.

“नसता दिला, बुवा. का देऊ? माझ्या जावेला सगळं आयतं हवं. नारळ मी खवायचे. उकड मी काढायची, चटके मी खायचे. आणि ही बाई ऊन वर आल्यावर उगवणार, हात धुणार आणि मोदक वळायला बसणार. झालं! काय त्या कळ्या, काय ते नाजूक टोक! माझ्या घरात, माझ्या गणपतीपुढे, कौतुक तिच्या मोदकांचं. नैवेद्याच्या ताटात वर तिचे. माझे खाली, कुणाला दिसू नयेत म्हणून…”

त्यांनी पदर कमरेला खोचला.

“आता तर गणपतीच तिचा. माणसं तिच्याकडे जमणार. पुढच्या वर्षी मी तळेगावहून येणार, पाहुणी म्हणून. तिच्या दारात चपला काढणार. आणि ती मला म्हणणार, या वहिनी, बसा. मला! बसा म्हणणार!” त्यांनी डोळे पुसले. “जळते मी, बुवा. खोटं कशाला बोलू? अंगाची नुसती आग होते. म्हणून म्हटलं, मठाला देऊन टाकू. तुम्हाला उपयोगाचं, मला…”

“तुला गारव्याचं.”

शरयूबाईंनी पदराने वारा घेतला.

बुवांनी चौरंग पुढे ओढला. हाताने झटकला. मग वालाची परात उचलली आणि चौरंगावर ठेवली. पुन्हा सोलायला लागले.

शरयूबाई ताडकन उभ्या राहिल्या.

“अहो बुवा! त्यावर गणपती बसतो!”

“बसायचा. आता मठाचा आहे.”

“म्हणून वालाची परात?”

“माझी पाठ दुखायची वाकून. आता उंची बरोबर झाली.”

“मी देवासाठी दिला तो!”

“देवासाठी कुठे, बाई?” बुवा म्हणाले. “देवाच्या खालून काढून आणलास.”

…

 खाली गावात कुठेतरी लाकूड कापण्याचं यंत्र चाललं होतं, ते थांबलं.

“पण तुझंही बरोबर आहे,” बुवा म्हणाले. “वालासाठी हा जरा जास्तच चांगला आहे. मठाचा झाला म्हणजे मी तो कुणालाही देऊ शकतो. होय ना?”

“…होय.”

“मग ठरलं. चतुर्थीला मी स्वतः घेऊन उतरतो. तुझ्या जावेच्या घरी नेतो, माझ्या हाताने मांडतो. आलोच आहे तर मोदकही खाईन. टोक नाजूक असतं म्हणालीस ना?”

शरयूबाईंच्या चेहऱ्याकडे तेव्हा बघवत नव्हतं.

“तुम्ही? तिच्याकडे?”

“हो.”

“सासूबाई होत्या तेव्हापासून मी तुम्हाला बोलावतेय. दरवर्षी! दरवर्षी निरोप पाठवला. एकदा टेकडी उतरला नाहीत. आणि तिच्याकडे पहिल्याच वर्षी जाणार? चौरंग डोक्यावर घेऊन?”

“डोक्यावर नाही, काखेत घेईन.”

“आणि मग गावभर होणार, बुवांनी हिला चौरंग दिला, बुवांनी हिच्या घरचे मोदक खाल्ले…”

“होईल तसं.”

“होऊ देते मी!”

त्यांनी परात उचलली आणि दाणकन जमिनीवर ठेवली. वाल ओटीभर सांडले. बुवांना असं आजवर कुणी वागवलं नव्हतं. बुवांचं मात्र लक्ष वालांकडे होतं. ते एकेक वाल वेचून परातीत टाकायला लागले.

“माझ्या घरचा आहे तो,” शरयूबाई म्हणाल्या. “द्यायचा तर मी देईन. तुम्ही कोण देणारे?”

“मी कुणीच नाही. कुणाला देणार?”

“तिलाच. आणखी कुणाला?”

“तिला सांभाळता येईल?”

“न यायला काय झालं? अहो, मोदक वळायलासुद्धा मीच शिकवलं तिला! नवी नवरी होती. आई नव्हती तिला, माहेरी कुणी शिकवणारं नाही. उकड हाताला चिकटायची, पारी फाटायची, की ही रडायला लागायची. सासूबाईंच्या धाकाने. मी तिला परसात नेऊन बसवायचे. तिच्या बोटांवर माझी बोटं ठेवून एकेक कळी…”

त्या थांबल्या.

बुवाही वेचायचे थांबले.

“…हेमलता नाव तिचं,” शरयूबाई हळूच म्हणाल्या. “मी हेमा म्हणायचे. आता कितीतरी वर्षांत म्हटलं नाही.”

चौरंगाला वालाचं एक साल चिकटलं होतं. त्यांनी ते नखाने काढलं. मग पदराचं टोक घेऊन चौरंग पुसला. वरून पुसला, कडा पुसल्या, खाली वाकून चारही पाय पुसले.

बुवांना नमस्कार केला. बुवांनी नुसती मान हलवली.

चौरंग दोन्ही हातांनी छातीशी धरून त्या ओटी उतरल्या. दोन पावलं गेल्या, थांबल्या. पकड बदलली. पुन्हा दोन पावलं गेल्या. मग मागे वळल्या.

“बुवा, येताना एवढा जड नव्हता हो हा!”

बुवांनी परात मांडीवर घेतली.

“येताना रिकामा होता.”