फ्रॉड: अर्थ आणि वापर

दुधातलं पाणी पकडणारा लॅक्टोमीटर डेअरीच्या कपाटात, आणि चेअरमन यशवंतराव मात्र नुसत्या नजरेनं दूध पारखणार! कोंडाबाईची किटली दिसली की गरजायचे, "पाणी! फ्रॉड आहे हा. ने परत!"

आठवडाभर दूध परत गेल्यावर तिनं विचारलं, "सायेब, फ्रॉड म्हंजे काय?"

"खोटं असून खऱ्याचा आव आणणं!"

दुसऱ्या दिवशी साहेब किटलीत डोकावून ओरडले, "पुन्हा फ्रॉड! निम्मं पाणी!"

"माझं दूध आज घरीच हाय," कोंडाबाई म्हणाली. "हे वहिनीसायबांनी तुमच्याच गोठ्यातलं भरून दिलंय. अर्थ काल सांगितलात, वापर आज दाखवलात."

रांगेत हशा पिकला. तेव्हापासून लॅक्टोमीटर प्रत्येक किटलीत बुडतो. आधी साहेबांच्या.