मार्तंडाचं रडणं

फार वर्षांपूर्वी, पडद्यावरची माणसं अजून काळी-पांढरी होती त्या काळात, आमच्या आंबेसरीचा मार्तंड मुंबईला गेला आणि हिंदी सिनेमाचा मोठा दिग्दर्शक झाला. त्याच्या सेटवर ग्लिसरीनची बाटली चालायची नाही. नटीला खरं रडू येईपर्यंत हा आपला बसून राहायचा. त्याचा खेळ सुटला की थिएटरातलं पाणी बादल्यांनी उपसावं लागे, असं म्हणतात.

मग त्याला दुखणं लागलं. डॉक्टरांनी हात टेकले. एक सिनेमा अर्धा राहिला होता, तो पुरा करायला मार्तंड कॅमेरा घेऊन गावी आला. प्रसंग होता पाटलाच्या अंत्ययात्रेचा. तिरडी बांधली, नट निजला, बायका भोवती बसल्या. पण एकीच्याही डोळ्यांत टिपूस येईना. धडधाकट माणसासाठी गळा काढायचा? केवढा अपशकुन! ते ऐकून नटही ताडकन उठला आणि मोटारीत जाऊन बसला.

मार्तंडाचा चेहरा उतरला. आता सिनेमाही अर्धाच राहणार आणि आपणही जाणार, हे त्याला कळलं.

तेव्हा ठकूबाई पुढं आली. हिनंच त्याला जन्मताना हातांवर झेललं होतं. ती म्हणाली, "आरं, जित्या माणसाच्या मरणाची आवई उठली की त्याचं आयुष्य वाढतं. मग त्या परक्याचं कशापायी वाढवायचं? तूच नीज की!"

मार्तंड निजला. बायकांनी असा हंबरडा फोडला, की ओढ्याचं पाणी वाहायचं थांबलं, असं म्हणतात. "आमच्या गावाचं नाव दिल्लीपातुर नेलंस रं!" तो डोळे मिटून ऐकत होता, आणि मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. रीळ संपलं तरी रडणं संपेना, कारण 'कट' त्यानंच म्हणायचं होतं.

शेवटी ठकूबाई खेकसली, "मेल्या, कट म्हण की! घसे बसले आमचे!"

तो हसत सुटला. "कट!" म्हणाला आणि उठला. पुढं हात टेकलेले सगळे डॉक्टर गेले, तरी मार्तंड सिनेमे काढतच होता.

आजही आंबेसरीत कुणी फार आजारी पडलं, की बायका खाटेभोवती बसून मार्तंडाचं रडणं रडतात. आजारी माणूस चिडून, नाहीतर हसून, स्वतःच्या तोंडानं 'कट' म्हणेपर्यंत थांबत नाहीत. मी पाच वर्षांचा असताना माझी आई 'कट' म्हणाली होती. काल तिनं मला पुरणपोळी वाढली.