शत्रूचे पाय धुणारा अमात्य

पूर्वी कुंभतीर्थ नावाच्या पवित्र नगरात विजितसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व त्याच्या पदरी अमात्य होते. त्यांचे नाव भद्रवाह. नदीकाठच्या या नगरात देशोदेशीचे यात्रेकरू येत, आणि वेशीवर एक रीत पाळली जाई. येणारा राव असो की रंक, नगरातले कोणीतरी त्याचे पाय धुई आणि मगच तो आत पाऊल टाकी. एकदा पाय धुतले की तो नगराचा पाहुणा. त्याच्यावर कोणी हात उगारायचा नाही, आणि त्यानेही आत शस्त्र न्यायचे नाही. नगरवासीयांना या रिवाजाचा भारी अभिमान होता, आणि खरे सांगायचे तर तो त्यांना शोभूनही दिसे.

कुंभतीर्थ ज्याच्या हाती तो सम्राट, असे त्या काळी लोक म्हणत. ते ऐकून उत्तरेचा राजा चंडवर्मा सैन्य घेऊन चालून आला. धूळ दिसताच वेशीचे दार लावायला हवे होते. पण वाटेवर यात्रेकरू होते, आणि यात्रेकरूला दारातून परत पाठवणे त्या नगराला ठाऊकच नव्हते. शेवटचा म्हातारा काठी टेकत आत येईपर्यंत दार उघडे राहिले. वीस हजारांच्या नगरात चाळीस हजार तोंडे झाली. अशी चूक कुंभतीर्थानेच करावी! वेढ्याच्या चार महिन्यांत धान्याची कोठारे रिकामी झाली. चंडवर्म्याने वरच्या अंगाला बांध घालून नदी वळवली, तशा विहिरीही आटल्या. देवळामागच्या कुंडात एका दिवसापुरते पाणी उरले.

त्या सकाळी चंडवर्म्याचा निरोप आला, “दाती तृण धरून शरण या. पुढे काय करायचं ते मी ठरवीन.” अभयाचा शब्द त्यात नव्हता.

सेनापती उग्रकेतू सभेत ताडकन उठला. “महाराज, देवळाला आग लावू. बायकापोरं, यात्रेकरू, कुणालाच मागे ठेवायचं नाही. आपल्याच हातांनी त्यांना सोडवू आणि मग दार उघडून शेवटच्या माणसापर्यंत लढू. शत्रूच्या हाती राख लागू दे.”

उग्रकेतू शूर होता, यात शंका नाही. पण काही शूरांना स्वतःच्या मरणाबरोबर दुसऱ्यांचे मरणही फार लवकर सुचते.

भद्रवाह शांतपणे म्हणाले, “सेनापती, तुमच्या लढण्याच्या आड मी येत नाही. पण या यात्रेकरूंचे पाय धुऊन आपण त्यांना आत घेतलंय. त्यांच्यावर हात उगारायला आपण कोण?”

मग राजाने विचारले, “पण अमात्य, दाती तृण धरायचं? माझ्या सात पिढ्यांत असं कुणी केलं नाही.”

“तृण मी धरतो, महाराज.”

“आणि त्याने आत येऊन कत्तल केली तर?”

“त्याला आधी आपली रीत पाळावी लागेल. पाहुणा झाला, तर त्याचाही हात बांधला जाईल. नाही ऐकलं, तर पहिला मी मरेन.”

राजाने डोळे पुसले आणि मान हलवली. बोधिसत्त्व वेशीवर गेले. तिथे सुवर्चा नावाची म्हातारी साठ वर्षे यात्रेकरूंचे पाय धूत आली होती. त्यांनी तिच्याकडे चंडवर्म्याचे पाय धुण्यासाठी कुंडातले पाणी मागितले.

“लेकरांच्या तोंडचं पाणी ते,” ती म्हणाली. “त्या मेल्याच्या पायांवर ओतायचं?”

“ओतायचं, आजी.”

म्हातारीने आपला तांब्या उचलला. मग म्हणाली, “तर मोठा घडा घे. आपल्या वेशीवर कुणाचे पाय अर्धवट धुतलेले नाहीत.”

दार उघडले. दातांत गवताची काडी आणि खांद्यावर घडा घेऊन अमात्य बाहेर आले, मागून तांब्या घेऊन सुवर्चा. शत्रूचे सैनिक फिदीफिदी हसू लागले. बोधिसत्त्वांनी काडी चंडवर्म्यापुढे ठेवली आणि हात जोडले.

“नगर तुमचं झालं, महाराज. आता जोडे काढा. पाय धुतल्याशिवाय इथे कुणी आत जात नाही.”

चंडवर्म्याचा हात तलवारीकडे गेला. “शरण आलास की मला रीत शिकवायला आलास?”

“दोन्हींसाठी आलो. नगर हरलंय, रीत हरलेली नाही. मला मारून आत जाता येईल, पण मग तुम्ही लुटारूसारखे शिरलात असं लोक म्हणतील.”

चंडवर्म्याच्या सैन्यातही लहानपणी आईच्या कडेवरून या वेशीतून गेलेले पुष्कळ होते. एक म्हातारा घोडेस्वार खाली उतरला आणि त्याने मुकाट्याने जोडे काढले. त्याचे पाहून दुसऱ्याने काढले, मग रांगच्या रांग वाकली. चंडवर्म्याने मागे वळून पाहिले आणि नाइलाजाने पाय पुढे केला.

बोधिसत्त्वांनी तो सावकाश धुतला, टाचेच्या भेगांतली माती काढली. तटावर माणसांची गर्दी होती, पण जिंकलेल्या राजाकडे कोणी पाहत नव्हते. सगळ्यांचे डोळे त्या सांडणाऱ्या पाण्यावर खिळले होते. ते चंडवर्म्याच्या ध्यानात आले.

“तुमच्याकडे पाणी किती उरलंय?” त्याने हळूच विचारले.

“आजच्यापुरतं,” सुवर्चा म्हणाली. “पण ते आमचं आम्ही बघू. तू दुसरा पाय पुढे कर, बाबा.”

चंडवर्म्याची मान खाली गेली. दुसरा पाय धुऊन होताच त्याने तलवार वेशीबाहेर ठेवली आणि हुकूम दिला, “बांध फोडा. नदी नगराला लागल्याशिवाय मी आत जाणार नाही.” दुपार टळेपर्यंत तो उन्हात अनवाणी उभा राहिला. पाणी आले तेव्हाच त्याने उंबरठा ओलांडला. कोणाच्या केसालाही धक्का लागला नाही.

नगर त्याचे झाले, विजितसेन त्याचा मांडलिक झाला, हे खरेच. पण पुढे कुंभतीर्थाचे लोक आपल्या पराभवाची ही गोष्ट छाती काढून सांगत. मी तर म्हणतो, सांगावीच! असा पराभव किती नगरांच्या नशिबी येतो?

कोणीतरी टाकून बोललेला शब्द मनात धरून तीन दिवस धुमसत बसलेल्या उत्पलक भिक्षूला ही कथा सांगून संघाचे गुरू शास्ते म्हणाले, “भिक्षूंनो, तेव्हाचा उग्रकेतू म्हणजे हा उत्पलक. विजितसेन म्हणजे आपल्याला हा विहार देणारा उपासक. सुवर्चा म्हणजे आजारी भिक्षुणींची सेवा करणारी वृद्ध थेरी, आणि चंडवर्मा म्हणजे शस्त्र टाकून संघात आलेला तो सैनिक. अमात्य भद्रवाह मीच होतो. ज्या गुणाच्या बळावर माणूस हरूनही ताठ मानेने उभा राहतो, त्याला क्षांती, म्हणजे सहनशीलता, म्हणतात.”